विमानाचें भाडें आणि त्यावरील भार

आगगाडीच्या जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर एकच आंकडा छापलेला असे. पुण्याहून मुंबईस जाणारा मनुष्य वकील असो, विद्यार्थी असो कीं नातवाच्या मुंजीस निघालेली आजी असो, वर्ग एक तर भाडें एक, हा नियम सर्वांच्या परिचयाचा होता. विमानाच्या तिकिटाची गोष्ट निराळी आहे. एकाच विमानांत शेजारी शेजारी बसलेल्या दोघां उतारूंपैकीं एकास तोच प्रवास तीन हजारांस पडावा आणि दुसऱ्यास नऊ हजारांस, हें नित्य घडतें. शिवाय दोघांच्याही तिकिटांवर मूळ भाड्याखालीं अधिभार, विकास शुल्क, सुरक्षा शुल्क, वस्तु व सेवा कर अशा ओळींची उतरंड लागलेली असते. ही स्थिति मुळापासून नव्हती. विमानाचें तिकीटही एके काळीं जवळजवळ एकाच आंकड्याचें होतें. तो आंकडा कसा फुटला आणि त्याखालच्या ओळी एकेक करून कशा जन्मास आल्या, हा इतिहास फार जुना नाहीं. परंतु त्या ओळींपैकीं कोणती सरकारची, कोणती विमानतळाची आणि कोणती खुद्द कंपनीची, हें पैसे मोजणाऱ्यास सहसा ठाऊक नसतें. आणि त्याच्या या अज्ञानावर पुष्कळांचें पुष्कळ कांहीं चालत आलें आहे.

दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां, एप्रिल १९४५ मध्यें, क्यूबा बेटांतील हवाना शहरीं निरनिराळ्या देशांच्या विमानकंपन्यांनीं एक संघ स्थापन केला. 'आयाटा' या आद्याक्षरी नांवानें तो ओळखला जातो. पुढील वर्षीं फेब्रुवारींत ब्रिटन व अमेरिका यांच्यांत बर्म्यूडा येथें करार झाला. त्यांत असें ठरलें कीं, दोन्ही देशांमधील विमानाचीं भाडीं कंपन्यांनीं या संघाच्या परिषदेंत आपसांत ठरवावीं आणि सरकारांनीं त्यांस संमति द्यावी. हाच कित्ता पुढें अनेक देशांनीं गिरविला. देशांतर्गत भाड्यांवरही सरकारचा हात होताच. अमेरिकेंत १९३८ च्या कायद्यानें तो एका सरकारी मंडळाकडे गेला. भारतांत जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून मुंबईस टपालाचें विमान आणून ज्या धंद्याचा पाया घातला, तो १९५३ सालीं राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि विमानाचें भाडें हा सरकारी कारभाराचा भाग बनला.

भाडें सर्वांचें एक, मग कंपन्यांनीं स्पर्धा करावी तरी कशांत? ती खाण्यापिण्यांत सुरू झाली. एप्रिल १९५८ पासून अटलांटिक महासागरावरील उड्डाणांत 'इकॉनॉमी' नांवाचा स्वस्त वर्ग निघाला. त्या वर्गांतील उतारूस वाढावयाचें तें साधें सँडविच, असा संघाचा नियम होता. स्कॅन्डिनेव्हियन कंपनीनें आपल्याकडील रिवाजाप्रमाणें पावाच्या एकाच चकतीवर मांस, मासळी, चीज यांचे थर रचले आणि त्यालाच सँडविच म्हटलें. पॅन अमेरिकन कंपनीनें तक्रार गुदरली. संघानें साधें सँडविच कशास म्हणावें याचा खल केला आणि स्कॅन्डिनेव्हियन कंपनीस दंड ठोठावला. जगांतील बड्या कंपन्यांचे कारभारी पावाच्या चकतीवर वाद घालीत बसले, याचें आज हसूं येतें. पण भाडें हलवितां येत नसलें म्हणजे स्पर्धा कोठल्या कोपऱ्यांत जाऊन बसते, हें त्यावरून चांगलें कळतें. त्या व्यवस्थेचा गुण हा कीं, उतारूस आपलें भाडें आगाऊ ठाऊक असे. दोष हा कीं, तें भाडें मध्यम स्थितींतील माणसाच्या आवांक्याबाहेर असे.

या व्यवस्थेस पहिला उघड धक्का दिला तो फ्रेडी लेकर या इंग्रज गृहस्थानें. लंडन ते न्यूयॉर्क अशी आगगाडीसारखी विमानसेवा काढावी, आधीं जागा राखावयाची नाहीं, जो रांगेंत येईल त्यानें तिकीट घ्यावें, जेवण हवें असल्यास त्याचे वेगळे पैसे द्यावे, अशी त्याची कल्पना होती. १९७१ सालीं त्यानें परवानगी मागितली. ती मिळून पहिलें विमान उडण्यास २६ सप्टेंबर १९७७ हा दिवस उजाडावा लागला. एका बाजूचें भाडें होतें ५९ पौंड. तिकिटाच्या खिडकीशीं उतारूंच्या रांगा लागल्या. फेब्रुवारी १९८२ मध्यें लेकरची कंपनी कर्जांत बुडाली खरी, पण एक गोष्ट त्यानें सिद्ध करून दाखविली होती: भाडें उतरलें कीं ज्यांनीं कधीं विमान जवळून पाहिलें नाहीं असे लोक रांगेंत येऊन उभे राहतात.

याच सुमारास, फारसा गाजावाजा न होतां, दुसरी एक क्रांति घडत होती. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें आय. बी. एम. च्या साहाय्यानें 'सेबर' नांवाची जागा राखून ठेवण्याची संगणकयोजना उभारली होती. १९६४ पर्यंत ती पूर्णपणें चालू झाली. कोणत्या उड्डाणाच्या जागा किती दिवस आधीं आणि कोणत्या वेगानें भरतात, याचा हिशेब त्यामुळें हातीं आला. १९७२ सालीं ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमधील केनेथ लिटलवुड यांनीं असल्या हिशेबाला एक सूत्र दिलें. तें इतकें सोपें आहे कीं शाळेंतील मुलासही समजावें. एका जागेचें पूर्ण भाडें १०० रुपये व सवलतीचें ४० रुपये आहे असें धरूं. सवलतीचें गिऱ्हाईक आज दारांत उभें आहे. त्यास जागा द्यावी, कीं पूर्ण भाडें देणाऱ्याची वाट पाहावी? तसा मनुष्य येण्याचा संभव शंभरांत चाळिसांहून अधिक असेल तर थांबावें; कमी असेल तर चाळीस रुपये पदरांत पाडून घ्यावे. प्रत्येक जागेस, दररोज, हाच प्रश्न विचारावयाचा. माणसाला तें अशक्य, यंत्राला सहज शक्य.

मंडईंतला भाजीवाला संध्याकाळ झाली कीं उरलेली मेथी पडत्या भावानें काढून टाकतो, कारण उद्यां ती सुकणार. विमानाची रिकामी जागाही उड्डाण होतांच कवडीमोल होते. तेव्हां तीही अखेरच्या घटकेस स्वस्त व्हावी, असें कोणासही वाटेल. घडतें तें बहुधा उलट. मेथी उशिरां घेणारा सवडीनें बाजारांत आलेला असतो. विमानाचें तिकीट उशिरां काढणारा पुष्कळदां अडलेला असतो. कोणाची दुसऱ्या दिवशीं मुलाखत असते, कोणाचे वडील इस्पितळांत असतात. तो अधिक देईल, हें कंपनीच्या यंत्राला मागील हजारों उड्डाणांच्या अनुभवावरून माहीत असतें. कंपन्यांचें म्हणणें असें कीं, अडलेल्यासाठीं अखेरपर्यंत जागा शिल्लक ठेवली हीच त्याची सोय, आणि त्याच्या जादा पैशांवरच महिनाभर आधीं तिकीट घेणारा विद्यार्थी स्वस्तांत जातो. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण वडिलांना पाहावयास निघालेल्या मुलाला तें पटवून देणें कठीण.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं अमेरिकेंतील विमानभाडीं मोकळीं करणाऱ्या कायद्यावर सही केली. नव्या कंपन्या निघाल्या. त्यांतील 'पीपल एक्स्प्रेस' या १९८१ सालीं सुरू झालेल्या कंपनीनें सर्वांस सरसकट स्वस्त व सोपे दर ठेविले. जानेवारी १९८५ मध्यें अमेरिकन एअरलाइन्सनें तिला उत्तर दिलें. आगाऊ तिकीट घेणाऱ्यांसाठीं मोजक्या जागा तितक्याच स्वस्त केल्या आणि बाकीच्या पूर्वींच्याच भावानें विकल्या. किती जागा स्वस्त करावयाच्या, हें संगणक रोज सांगत होता. पीपल एक्स्प्रेसजवळ तसें साधन नव्हतें. आपल्या पसाऱ्याचा व कर्जाचा बोजाही तिला झेपेना, आणि १९८७ च्या आरंभीं ती दुसऱ्या कंपनींत विलीन झाली. सर्वांस एक भाव ही कल्पना जवळजवळ तिच्याबरोबरच गेली.

हा झाला मूळ भाड्याचा वृत्तांत. त्याखालच्या ओळींचा वंशवृक्ष वेगळा आहे.

कराची ओळ अमेरिकेंत १९४१ सालीं उमटली. युद्धकाळच्या खर्चाच्या तरतुदीसाठीं आगगाडी, बस व विमान या सर्वांच्या प्रवासावर शेंकडा ५ कर बसविण्यांत आला आणि युद्ध चालू असतां तो शेंकडा १५ पर्यंत चढला. युद्ध संपलें, कर राहिला. १९६२ सालीं आगगाडीच्या व बसच्या उतारूंची त्यांतून सुटका झाली, विमानाच्या उतारूंची झाली नाहीं. १९७० सालीं त्याच कराला नवें काम मिळालें. विमानतळ व हवाई मार्ग यांसाठीं निधि काढून कराचा दर शेंकडा ८ करण्यांत आला. ब्रिटननें १ नोव्हेंबर १९९४ पासून युरोपांत जाणाऱ्यावर माणशीं ५ पौंड व त्यापलीकडे जाणाऱ्यावर १० पौंड कर बसविला. तिजोरींत भर घालणें हाच त्याचा हेतु होता आणि तो कोणी लपविलाही नव्हता. १ फेब्रुवारी २००७ पासून हे दर दुप्पट झाले, तेव्हां मात्र हवामानाच्या रक्षणाचें कारण पुढें करण्यांत आलें. कारण बदललें, पैसा त्याच तिजोरींत गेला. उलट फ्रान्सनें १ जुलै २००६ पासून विमानाच्या तिकिटावर जो कर लावला, तो गरीब देशांतील रोग्यांच्या औषधांसाठीं होता, आणि तो पैसा त्या कामीं लावण्यासाठीं संस्थाही स्थापन झाली.

सुरक्षा शुल्काची कथा अधिक बोधक आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या घोर प्रसंगानंतर अमेरिकेंत विमानतळावरील झडती सरकारनें आपल्याकडे घेतली आणि फेब्रुवारी २००२ पासून प्रत्येक उड्डाणामागें अडीच डॉलर सुरक्षा शुल्क सुरू केलें. याविरुद्ध कोण बोलणार? परंतु २०१३ च्या एका कायद्यानें हें शुल्क वाढविण्याचें ठरलें, जुलै २०१४ पासून तें एका बाजूच्या प्रवासास ५ डॉलर ६० सेंट झालें, आणि त्यांतील कांहीं भाग सरकारी अंदाजपत्रकांतील तूट भरून काढण्याकडे वळविण्यांत आला. ओळीचें नांव सुरक्षा शुल्क असेंच राहिलें.

सरकारें अशीं, तर कंपन्याही कांहीं कमी नव्हत्या. २००४ च्या सुमारास खनिज तेल महागूं लागलें, तेव्हां त्यांनीं मूळ भाडें वाढविण्याऐवजीं 'इंधन अधिभार' अशी वेगळी ओळ काढली. तिकिटाच्या सांकेतिक भाषेंत ती 'वाय क्यू' या अक्षरांनीं, करांच्याच रांगेंत, छापली जाते. म्हणून पुष्कळांस ती सरकारी वाटते. वस्तुतः तिचा पैसा कंपनीकडेच राहतो. इंधन हा विमान चालविण्याचा मुख्य खर्च. भाड्यांतून इंधन वगळलें तर मागें राहिलें काय? पण वेगळ्या ओळीचे फायदे होते. दलालाचें कमिशन सामान्यतः मूळ भाड्यावर मोजलें जाई, अधिभारावर नव्हे. नेहमीच्या उतारूंना बक्षीस म्हणून जें 'मोफत' तिकीट मिळे, त्यावरही पुष्कळ कंपन्या अधिभार वसूल करीत. आणि जाहिरातींत आंकडा लहान दिसे, हा लाभ निराळाच.

ब्रिटनमध्यें याची परिसीमा झाली. ब्रिटिश एअरवेज व व्हर्जिन अटलांटिक या प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी ऑगस्ट २००४ पासून जानेवारी २००६ पर्यंत अधिभाराच्या वाढीबद्दल एकमेकांशीं संधान बांधून होते, आणि त्या अवधींत लांबच्या प्रवासावरील हा अधिभार जातायेतां ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. व्हर्जिननें स्वतःच अधिकाऱ्यांस खबर दिल्यामुळें तिला दंड माफ झाला. ब्रिटिश एअरवेजला ऑगस्ट २००७ मध्यें १२ कोटी १५ लक्ष पौंडांचा दंड ठोठावण्यांत आला. तो पुढें २०१२ सालीं ५ कोटी ८५ लक्षांवर आणण्यांत आला, ही गोष्ट वेगळी.

जून २००८ मध्यें अमेरिकन एअरलाइन्सनें विमानांत जमा करावयाच्या पहिल्याच पेटीस १५ डॉलर आकार लावला आणि इतर कंपन्याही एकामागून एक त्याच वाटेनें गेल्या. तेल महागलें, हें कारण सांगण्यांत आलें. पण तेल उतरलें तरी हा आकार उठला नाहीं, आणि त्याचें एक कारण हिशेबाच्या वहींत सांपडतें. अमेरिकेंत प्रवासाच्या भाड्यावर शेंकडा साडेसात कर द्यावा लागे. सामानाच्या वेगळ्या आकारावर तो कर नव्हता. म्हणजे पेटीचे पैसे भाड्यांत मिळविले तर सरकारचा त्यांत वांटा, वेगळे काढले तर सगळे कंपनीचे. असल्या एका नियमानें तिकिटाचे किती तुकडे होऊं शकतात, हें सांगावयास नको.

कर व भाडें यांचें खरें नातें काय, हें एकदां योगायोगानें जगापुढें उघडें पडलें. जुलै २०११ मध्यें अमेरिकेच्या विधिमंडळांत दोन पक्षांचें जमेना आणि विमानविषयक कायद्याची मुदत संपली. २३ जुलैपासून सुमारें दोन आठवडे सरकारला तिकिटांवरील कर घेतांच येईना. दररोज अडीच ते तीन कोटी डॉलरांचें उत्पन्न बुडूं लागलें. कर गेला, तेव्हां तिकीट तितक्यानें उतरावें, असें साधें गणित सांगतें. कांहीं थोड्या कंपन्यांनीं तसें केलें. बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं मात्र दोन दिवसांच्या आंत मूळ भाडें जवळजवळ कराइतकेंच वाढविलें. उतारूनें मोजलेली रक्कम तीच राहिली. ती जाण्याचा पत्ता तेवढा बदलला. कर हा उतारूवरील भार, असें कंपन्या सदैव सांगत आल्या होत्या. उतारू किती सोसूं शकेल याचा अंदाज आधीं, आणि तो वांटून कोणीं घ्यावा हा प्रश्न मागाहून, असा प्रत्यक्ष व्यवहार त्या पंधरवड्यांत दिसला. पुढें २६ जानेवारी २०१२ पासून अमेरिकन सरकारनें नियम केला कीं, जाहिरातींत मुख्य म्हणून दाखवावयाची किंमत करांसकट व सक्तीच्या शुल्कांसकट पूर्ण असली पाहिजे. कंपन्या न्यायालयांत गेल्या आणि हरल्या. युरोपांत असा नियम २००८ सालींच झाला होता.

भारतांतील ओळींचा इतिहास याहून कमी मनोरंजक नाहीं. १९८९ सालीं अंतर्देशीय विमानप्रवासावर शेंकडा १० कर बसला व पुढें तो १५ पर्यंत गेला. परदेशीं जाणाऱ्यावरील कर त्याच्याही दहा वर्षें आधींचा. हे दोन्ही जानेवारी २००४ मध्यें रद्द झाले. कर बसला आणि खरोखर उठला, असें हें दुर्मिळ उदाहरण आहे. ऑगस्ट २००३ मध्यें एअर डेक्कनचें पहिलें विमान बेंगळूरहून हुबळीस गेलें आणि स्वस्त भाड्यांचें युग आलें. परंतु जागा रिकामी राहत नाहीं. मुंबई व दिल्ली येथील विमानतळ खाजगी कंपन्यांकडे सोपविल्यावर त्यांच्या बांधकामास पैसा कमी पडला, आणि केंद्र सरकारनें २००९ सालीं उतारूंकडून विकास शुल्क घेण्यास परवानगी दिली. मुंबईस १ एप्रिल २००९ पासून देशांत जाणाऱ्यास १०० रुपये व परदेशीं जाणाऱ्यास ६०० रुपये द्यावे लागूं लागले. दिल्लीस हा आंकडा त्याहून मोठा, २०० व १३०० रुपये, होता.

एका ग्राहकसंस्थेनें हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत नेला. २६ एप्रिल २०११ रोजीं न्यायालयानें ही वसुली बेकायदेशीर ठरविली. शुल्क ठरविण्याचा अधिकार कायद्यानें नव्या आर्थिक नियामक प्राधिकरणाकडे गेला असतां सरकारनें तो परस्पर वापरला, हें मुख्य कारण. पण निकालांतील दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. उतारूस त्या क्षणीं मिळणाऱ्या कोणत्याही सेवेचा हा मोबदला नव्हे. पुढें व्हावयाच्या बांधकामासाठीं त्याच्याकडून सक्तीनें घेतलेली ही रक्कम आहे. तेव्हां कायद्यानें तिला शुल्क म्हटलें असलें तरी तिचें स्वरूप उपकराचें आहे, असें न्यायालयाचें मत पडलें. पुढें प्राधिकरणानें रीतसर चौकशी करून तें शुल्क पुन्हां घेण्यास परवानगी दिली, म्हणून उतारूची सुटका झाली नाहीं. तरी शुल्क हें नांव दिल्यानें रक्कम शुल्क होत नाहीं, हें एकदां निकालांत नमूद झालें.

'उडान' योजनेची ओळ याहून वेगळी, कारण तींत एका उतारूचा पैसा दुसऱ्याच्या प्रवासास लागतो. लहान गांवांस विमानानें जोडावें, तासाभराच्या उड्डाणाचें भाडें कांहीं जागांपुरतें अडीच हजारांच्या आसपास ठेवावें, आणि त्यामुळें कंपनीस येणारी तूट मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून भरावी, अशी ही योजना. २७ एप्रिल २०१७ रोजीं सिमला ते दिल्ली या उड्डाणानें तिचा आरंभ झाला, आणि त्याच दिवशीं नांदेड ते हैदराबाद ही सेवाही सुरू झाली. मुंबईहून दिल्लीस जाणाऱ्यानें नांदेडच्या माणसाचें भाडें अंशतः द्यावें कीं नाहीं, यावर मतभेद होऊं शकेल; मराठवाड्यांतील माणसाचें उत्तर मात्र सहज कळण्याजोगें आहे.

भाडें सरकारनें ठरवावें, ही जुनी कल्पनाही एकदां परत आली. महामारीच्या टाळेबंदीनंतर २५ मे २०२० रोजीं विमानें पुन्हां उडूं लागलीं, तेव्हां प्रवासाच्या वेळेप्रमाणें सात पट्टे पाडून भाड्याच्या खालच्या व वरच्या मर्यादा सरकारनें बांधून दिल्या. ३१ ऑगस्ट २०२२ पासून त्या उठल्या. ऑक्टोबर २०२३ मध्यें इंडिगो कंपनीनें अंतरानुसार ३०० ते १००० रुपये इंधन आकार लावला आणि इंधन उतरतांच ४ जानेवारी २०२४ पासून तो काढूनही टाकला, हें नमूद केलें पाहिजे. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून साध्या वर्गास शेंकडा ५ व वरच्या वर्गास १२ असा बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वरच्या वर्गाचा १८ झाला.

एक कर मात्र असा आहे कीं तो तिकिटावर शोधूनही सांपडावयाचा नाहीं. विमानाचें इंधन वस्तु व सेवा कराच्या कक्षेबाहेर ठेवण्यांत आलें आणि त्यावर प्रत्येक राज्य आपापला मूल्यवर्धित कर घेऊं लागलें. महाराष्ट्रानें २०२३ च्या अर्थसंकल्पांत बृहन्मुंबई, पुणें व रायगड येथील हा दर शेंकडा २५ वरून १८ वर आणला. मुंबईच्या धांवपट्टीवर विमानाच्या टांकींत इंधन भरलें जातें तेव्हांच हा कर कंपनीकडून वसूल होतो, आणि उतारूच्या हातांतील तिकिटावर तो वेगळी ओळ न बनतां मूळ भाड्याच्या आंकड्यांत विरून गेलेला असतो.